काडीचा आधार

“डोळे फसवतात, आकडे फसवत नाहीत,” हे सरांचं ब्रीद. म्हणूनच प्रयोगशाळेतल्या रोपांच्या खोलीत डोकावायची कुणालाच मुभा नव्हती. दार उघडलं की तापमान बदलतं म्हणे! छतावरचं यंत्र रोज उंची मोजायचं आणि आकडे बाहेरच्या संगणकावर पाठवायचं. आत जायची परवानगी एकट्या मावशींना, तीही फरशी पुसण्यापुरती. फरशी पुसणारीलाही डोळे असतात, हे सरांच्या ध्यानात आलं नव्हतं.

आत दोन ट्रे होते. दोन्हींचं पाणी तोडलेलं. एका ट्रेला सरांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या प्रबंधवालीने चार वर्षं खपून केलेलं द्रावण आधीच पाजलेलं होतं. ती रोपं तग धरणार आणि दुसरी माना टाकणार, अशी तिची आशा.

दहाव्या दिवशी सरांनी चष्मा काढून ठेवला. “दोन्हींत काडीचा फरक नाही. शुक्रवारी प्रकल्प बंद.”

“सर, एकदा आत जाऊन बघू?”

“बघून काय होणार?”

“रडायचंच आहे, तर रोपांजवळ रडते.”

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. दोघं आत गेले.

द्रावणाची रोपं ताठ उभी होती. बिनद्रावणाचीही ताठच होती, पण प्रत्येकाच्या पाठीशी झाडूची एकेक काडी रोवलेली, आणि काडीला दोऱ्याने रोप बांधलेलं. चाळीस रोपं, चाळीस काड्या. यंत्र इमानाने झाडू मोजत होतं.

“मावशी!” सर ओरडले.

मावशी बादलीसकट आल्या. “मीच केलं. माना टाकल्या होत्या हो बिचाऱ्यांनी. पाणी नाही दिलं हं! पाणी द्यायचं नाही, असं दारावर लिहिलंय. काडी लावायची नाही, असं कुठं लिहिलंय?”

“आणि त्या दुसऱ्या ट्रेला का नाही लावल्या?”

“ती धडधाकट आहेत की. दिसत नाही का?”

सरांनी एक दोरा सोडला. रोप मुकाट्याने आडवं झालं. दुसरा सोडला, तेही झालं. प्रबंधवाली आता खरंच रडायला लागली, पण मघाशी ठरवलं होतं तसं नव्हे.

“प्रयोग पुन्हा करायचा,” सर म्हणाले. “प्रकल्प महिनाभर वाढवून घेतो. आणि मावशी, तुम्ही रोज आत बघायचं, काय दिसतं ते हिला सांगायचं. हात मागे बांधून!”

“आणि ही काड्यांची रोपं?”

“फेकून द्या.”

मावशींचं मन होईना. ट्रे कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून त्या घरी गेल्या.

सोमवारी ट्रे तिथे नव्हता. सरांच्या केबिनची फरशी पुसताना तो त्यांना खिडकीत दिसला. माती ओली होती. चाळीसही रोपं उभी होती, प्रत्येक एकेका पेन्सिलीला बांधलेलं.

मावशींनी हात मागे बांधले, वाकून नीट पाहणी केली आणि बाहेर येऊन प्रबंधवालीच्या कानात अहवाल दिला, “रोपं जगतील. गाठी मात्र सरांना जमत नाहीत.”