अस्वलाच्या पेटीतला पहिला व्हॉल्व्ह

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वल गिटार वाजवत असे. त्याचं नाव दगडोबा. अस्वलाला गिटार कुठून मिळाली, असं विचारू नका. गोष्टीतल्या प्राण्यांना लागेल ते मिळतं. त्या जंगलात वीजसुद्धा होती, आणि ती कधी जात नसे. त्यावरूनच ओळखा की ही गोष्ट आहे.

गिटारला एक पेटी जोडलेली होती. तिला अँप्लिफायर म्हणतात, पण आपण पेटीच म्हणू. गिटारच्या तारेतून निघणारा आवाज मुंगीएवढा असतो. पेटीत काचेचे व्हॉल्व्ह असतात. जुन्या रेडिओत लालसर पेटायचे ना, तसेच. त्यांतला पहिला व्हॉल्व्ह करंगळीएवढा. तो त्या मुंगीचं मांजर करतो. मग मागचे मोठे व्हॉल्व्ह मांजराचा हत्ती करतात.

दगडोबाचा पहिला व्हॉल्व्ह फार जुना होता. त्याचं टोक काळं पडलं होतं. गाणं सुरू होण्याआधी तो जरासा खरखरायचा. आजोबा बोलण्याआधी घसा साफ करतात ना, तसा.

दगडोबाला एक लेक होती, मोहू. मोहाच्या फुलांच्या दिवसांत जन्मली म्हणून मोहू. ती लहान असताना दगडोबा तिला अंगाई वाजवून झोपवायचा. खरं सांगू का, ती अंगाईने झोपतच नसे. ती खरखरीनेच झोपायची. पुढची अंगाई दगडोबा स्वतःसाठी वाजवायचा.

मोहू मोठी झाली. नदीपलीकडच्या अस्वलांकडे तिचं लग्न ठरलं.

"बाबा," मोहू म्हणाली, "मला दुसरं काही नको. पाठवणीच्या वेळी माझी अंगाई तेवढी वाजवा. ती ऐकली की मी न रडता जाईन."

"वाजवीन," दगडोबा म्हणाला. "आणि अशी वाजवीन, की तुझे सासरचे कान टवकारून बसतील."

गोष्ट बिघडली ती इथे. दगडोबा नुसतं 'वाजवीन' म्हणाला असता, तर मी तुम्हाला एव्हाना झोपायला पाठवलं असतं.

दुसऱ्याच दिवशी उदाजी नावाचं उदमांजर दारात उभं राहिलं. त्याच्या पाठीवर टोपली होती. टोपलीत व्हॉल्व्ह होते, प्रत्येक सावरीच्या कापसात निजवलेला.

उदाजीने पेटीचं मागचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"काय झालं?" दगडोबाने विचारलं.

"पेटी चांगली आहे, दादा. पण पहिल्या व्हॉल्व्हमध्ये ऊब नाही."

दगडोबा अस्वल होता. अंगभर वीतभर केस. जन्मात कधी त्याला ऊब कमी पडली नव्हती. पण आता त्याला एकाएकी थंडी वाजू लागली.

"मग आता?" तो म्हणाला.

उदाजीने टोपली उघडली. "हा बघा. हा ज्या कारखान्यात झाला, तो कारखाना आता नाही. कारखाना ज्या गावात होता, ते गावही नाही."

"म्हणजे चांगलाच असणार."

"हा सोन्याच्या पायांचा. पाय सोन्याचे असले की आवाज आत येताना घसरत नाही. आणि हा तर अजून कुणी वापरलेलाच नाही. कित्येक पावसाळे डब्यात पडून आहे."

"मग त्याला गाढ झोप लागली असेल," चुलीपाशी बसलेली झिपराबाई म्हणाली. ती दगडोबाची बायको. मोहाच्या फुलांची खीर ढवळत होती.

"वहिनी, याचा आवाज कसा अगदी काचेसारखा आहे," उदाजी म्हणाला.

"काचेचाच आहे ना तो?"

"अगं, तू मध्ये बोलू नकोस," दगडोबा म्हणाला. "तुला आवाजातलं काय कळतं?"

"आवाजातलं नाही कळत. लेकीतलं कळतं. तिने अंगाई मागितली आहे. ऊब मागायला ती काही उघडी फिरत नाही."

पण दगडोबाने लग्नासाठी साठवलेला मध उदाजीला देऊन टाकला आणि सगळी टोपली ठेवून घेतली.

आता टोपलीतून एक निवडायचा. एकट्याने निवडावा तर चूक व्हायची. म्हणून दगडोबाने जाणत्यांना बोलावलं. मुसंडीराव रानडुक्कर आले. टिटवीकाकू आल्या. उदाजी तर मुक्कामालाच होता, कारण खीर चांगली झाली होती.

सगळे पेटीसमोर बसले आणि बोलू लागले. याच्यात ऊब आहे. त्याच्यात गोलाई आहे. याच्यात खोली आहे, पण ती जरा वरच्या बाजूला आहे. ऊब म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे भांडणं झाली नाहीत.

"व्हॉल्व्ह वाजवून बघायची एक रीत असते," उदाजी म्हणाला. "काचेवर नखाने हळूच टिचकी मारायची. आतून टिंग आलं की तो कच्चा."

मुसंडीरावांना नख नव्हतं, खूर होता. त्यांनी सुळ्याने टिचकी मारली. टिंग आलं, आणि मग काहीच आलं नाही.

"कच्चाच होता," मुसंडीराव म्हणाले, आणि अंगावरच्या काचा झटकल्या.

असं करता करता लग्नाचा दिवस उजाडला. कासवांच्या पाठीवर बसून वऱ्हाड आलं. टिटवीकाकूंनी मंगलाष्टकं म्हटली, पण मधूनच थांबून म्हणाल्या, "दगडोबा, सोन्याच्या पायांचा मला जरा कोरडा वाटला." दगडोबाचं लक्ष पेटीकडेच होतं. त्याने अक्षता नवरा-नवरीऐवजी पेटीवर टाकल्या.

"मुलीचा बाप फार हळवा दिसतो," व्याही कौतुकाने म्हणाले.

जेवणं झाली. पाठवणी सूर्य कलायच्या आत व्हायला हवी होती. नदीत एक मगर होती. ती दुपारभर झोपायची आणि उन्हं उतरली की भूक लागून उठायची. त्याआधी कासवं पलीकडे पोचली पाहिजेत, हे सगळ्यांना माहीत होतं. दगडोबालाही.

"आता निवडाच," तो घायकुतीला येऊन म्हणाला.

"निवडणार कसं?" टिटवीकाकू म्हणाल्या. "तुम्ही सगळे डोळ्यांनी ऐकता. सोन्याचे पाय दिसले की मान डोलवता. मध्ये पडदा धरा."

पडदा होताच. नवरा-नवरीमध्ये धरलेला अंतरपाट मांडवात मोकळा पडला होता. तो पेटीसमोर धरला. पेटीमागे खवल्याला बसवलं. खवल्या म्हणजे खवल्या मांजर. पेटलेला व्हॉल्व्ह हाताला चटका देतो, पण खवल्याच्या अंगावर खवलेच खवले, म्हणून ते काम त्याचं. टोपलीतले व्हॉल्व्ह एका सुपात काढले होते; त्याने त्यातला एकेक लावायचा, आणि कुठला लावला ते सांगायचं नाही. दृष्ट लागू नये म्हणून काळ्या टोकाचा जुना व्हॉल्व्हही सुपात टाकला होता.

प्रत्येक वेळी पेटी बंद करायची. गार होऊ द्यायची. नवा व्हॉल्व्ह लावायचा. तापू द्यायचा. मग दगडोबा अंगाईची पहिली ओळ वाजवणार. फक्त पहिली.

आत मोहू नटून बसली होती. पहिली ओळ ऐकली की तिला वाटायचं, निघायची वेळ झाली. ती उठायची. आवाज बंद व्हायचा. ती बसायची. पुन्हा ओळ, पुन्हा उठणं, पुन्हा बसणं. एकदा मात्र ती उठलीच नाही. आतून मोठी जांभई ऐकू आली.

"हाच," दगडोबा म्हणाला, आणि त्याचा हात तारांवर थबकला.

"हाच," उदाजी म्हणाला. "याला म्हणतात ऊब."

उरलेलेही वाजवून झाले, पण कुणी ऐकले नाहीत. शेवटचा सुपात परत पडला, तसे सगळे अंतरपाट सारून पेटीमागे धावले. मुसंडीराव सर्वांत पुढे.

"खवल्या, तो मघाचा कुठला रे?" ते गरजले.

आता खवल्या मांजराला भीती वाटली की ते काय करतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. खवल्याने नाक पोटात घातलं, शेपूट वरून गुंडाळली आणि त्याचा चेंडू झाला.

त्याला गुदगुल्या केल्या. खवल्यांवर गुदगुल्या होत नाहीत. पुढ्यात मुंग्या सोडल्या. मुंग्या निघून गेल्या.

"लोळवून बघू का?" मुसंडीरावांनी विचारलं.

"लोळवलं तर विसरेल," उदाजी म्हणाला. मग सगळे चेंडूभोवती हाताची घडी घालून बसले.

व्याही आले. "दगडोबा, उन्हं उतरायला लागली."

"एवढा उघडू द्या, व्याहीबुवा. लगेच वाजवतो."

व्याह्यांनी चेंडूकडे पाहिलं. इकडची काही रीत असेल, असं समजून ते परत गेले.

शेवटी झिपराबाईने मोहूची ओटी भरली. बेलाचं फळ घातलं. मोहाची फुलं घातली. मग सुपाशी येऊन तिने काळ्या टोकाचा व्हॉल्व्ह उचलला आणि तोही ओटीत टाकला. तिला कुणी विचारलं नाही. टिटवीकाकू सोडल्या तर सगळे चेंडूकडेच बघत होते.

"आई, हा कशाला?"

"घरचा आहे. असू दे."

"आणि बाबा?"

"बाबा तुझ्याच कामात आहेत," झिपराबाई म्हणाली. ते खोटं नव्हतं.

वऱ्हाड नदीकडे गेलं. मांडव शांत झाला. शांत झाल्यावर खवल्याने हळूच एक डोळा उघडला.

"कुठला होता, बाळा?" दगडोबाने अगदी मऊ आवाजात विचारलं.

"काळ्या टोकाचा," खवल्या म्हणाला. "तुमचाच."

मग उदाजी म्हणाला, "मी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होतो. जुना तो जुना. असा आता मिळायचा नाही."

दगडोबाने सूप चाचपलं. सोन्याचे पाय हाताला लागले. काळं टोक लागेना.

"तो होय?" टिटवीकाकू म्हणाल्या. "तो वहिनींनी लेकीच्या ओटीत घातला."

दगडोबा इतक्या जोरात धावला, की त्याच्या मागे अंतरपाट फडफडत गेला. तो नदीत गुडघ्यापर्यंत शिरला. कासवं मधल्या धारेला होती. दूरवर मगर आळस देत होती.

"मोहू," तो ओरडला, "ओटी सांभाळ गं. दोन्ही हातांनी धर. भिजू देऊ नकोस."

मोहूने वळून पाहिलं. "बाबा आले," ती म्हणाली. न रडता जाणार होती, ती हुंदके देऊन रडू लागली. ओटी तिने छातीशी घट्ट धरली.

दगडोबाही रडत होता. इतका सुंदर आवाज त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळला होता, आणि तो डोळ्यांदेखत पलीकडे चालला होता.

"शेवटी बापाचं काळीज," कासवावर बसलेले व्याही म्हणाले, आणि त्यांनीही डोळे पुसले.

काठावर उभी असलेली झिपराबाई हे सगळं बघत होती. "अहो, लेकीला हात तरी करा," ती म्हणाली. दगडोबाने हात केला. मोहूला करता आला नाही. तिचे दोन्ही हात ओटीवर होते.

मग झिपराबाईने मान वर केली आणि घशातून आवाज काढला. खर्र, खर्र. हुबेहूब पेटीसारखा. पुढची अंगाई नाहीच, नुसती खरखर.

पाण्यावरून ती खरखर पलीकडे गेली. मोहूचे हुंदके थांबले. तिने एक मोठी जांभई दिली आणि नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दगडोबाने कान टवकारले. बराच वेळ ऐकून तो बायकोला म्हणाला, "ऊब आहे. पण खोली जरा कमी वाटते."

तात्पर्य : लेक काय, दिवाळसणाला माहेरी येतेच. चांगला व्हॉल्व्ह एकदा गेला की गेला. म्हणून, बाळांनो, ओटीत काय काय पडतं आहे, याकडे बापाने जातीने लक्ष द्यावं.