रस्त्याकडची पांढरी बाजू

घराभोवती भिंत बांधायची नाही, हा कुरुविळा सरांचा निश्चय होता. निवडणुकीला वर्ष असतानाच कोट्टयमकडची पक्षाची पोरं दिसेल त्या भिंतीवर चुना फासून ‘राखीव’ असं लिहीत आणि खाली पक्षाचं नाव टाकत. मग दुसरा पक्ष तिकडे फिरकत नसे. सरांनी म्हणून जास्वंदीचं कुंपण लावलं होतं.

मेहुण्याने ओल्या कचऱ्याचं खत करायला प्लास्टिकचं पिंप पाठवतो म्हटल्यावर सरांच्या स्वाभिमानाला ठेच लागली. त्यांनी गोठ्याचं जुनं दार, खिडकीच्या चौकटी आणि मच्छरजाळी जमवून परसात खताची पेटी उभी केली. दार रस्त्याच्या बाजूला आलं. वाळवी लागू नये म्हणून त्यांनी त्याला चुना दिला.

सकाळी दारावर निळ्या अक्षरांत ‘राखीव’ होतं.

“बिजू, ही कचऱ्याची पेटी आहे,” सर त्या पक्षाचं काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यावर उखडले.

“मतदार आत कशाला वाकून बघतोय, सर? बाहेरून झकास दिसते.”

सरांनी संतापाने पुन्हा चुना फासला. दुसऱ्या दिवशी तिथे लाल अक्षरं उमटली. ती लिहिणाऱ्या दुसऱ्या पक्षाच्या लीलम्माला जाब विचारेपर्यंत बिजूच दारात हजर झाला.

“आमचं पुसलंत आणि त्यांना जागा दिलीत? तुम्हाला आम्ही निःपक्षपाती समजत होतो.”

“मी जागा कोणालाच दिलेली नाही. माझं परस आहे हे.”

“मग त्यांचंही पुसा,” बिजू म्हणाला.

“हात तर लावून बघा, सर,” कुंपणापलीकडून लीलम्मा म्हणाली. “त्याचं पुसलंत ते दार पांढरं राहावं म्हणून, आमचं पुसाल ते कोणासाठी?”

सरांनी दारच उचकटून गोठ्यात टाकलं आणि त्याच्या जागी जाळी ठोकली. आता लिहा म्हणावं कुठे लिहायचं ते. जाळीतून फणसाची सालं आणि माशांची डोकी रस्त्याकडे पाहू लागली.

दोन्ही पक्षांनी पंचायतीत तक्रार केली. एरवी दिव्याच्या खांबावरूनही भांडणाऱ्या त्या सभेने ठराव एकमताने संमत केला: पेटी रस्त्याच्या बाजूने फळीने झाकावी, नाहीतर हलवावी. फळीचा रंग पांढरा असावा, ही दुरुस्तीही कोणी विरोध न करता मान्य झाली.

“अन्याय आहे हा,” सर घरी येऊन म्हणाले. “उघड उघड संगनमत.”

त्यांची बायको अन्नम्मा मासे साफ करत होती. “असेल. मग दादाला पिंप पाठवायला सांगू का?”

सर तसेच मागे वळले. मग गोठ्यात जाऊन त्यांनी दार उचलून आणलं, त्याला चुना दिला आणि जाळीवर ठोकलं.

संध्याकाळी बिजू आणि लीलम्मा बरोबरच आले. दोघांच्या हातात रंगाचे डबे होते.

“अर्धं अर्धं ठरलंय,” बिजू म्हणाला. “फक्त मधली रेघ तुम्ही आखा, सर. आमचा एकमेकांवर विश्वास नाही.”

सरांच्या कपाळाची शीर तटतटली. ते घरात गेले, शाळेच्या फळ्यावर रेघा आखायची लांब पट्टी घेऊन बाहेर आले आणि लीलम्माला दरडावून म्हणाले, “ते टोक नीट धर. हलवू नकोस.”