हाताकडे लक्ष ठेवा

गाडीचा डावा इंडिकेटर बंद पडला तेव्हा हेडक्लार्कसाहेबांनी तो दुरुस्तीला टाकायचा नाही असं ठरवलं. ठरवलं म्हणजे कचेरीत जे करतात तेच केलं, प्रकरण विचाराधीन ठेवलं. जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं पक्कं ठाऊक असतं, की पुरेसा वेळ दिला तर निम्मी प्रकरणं आपोआप मिटतात. (उरलेल्या निम्म्यांत अर्जदार मिटतो.)

इंडिकेटर काही मिटला नाही. गॅरेजवाला म्हणाला होता, पाच मिनिटांचं काम आहे. पण चौथ्या महिन्यात, बायकोच्या रोजच्या बोलण्याला कंटाळून, साहेबांनी स्वतःच स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं. तीन तासांनी कव्हर परत बसलं आणि दोन स्क्रू उरले. आता डावा इंडिकेटर लावला की वायपर सुरू व्हायचा आणि उजवा लावला की काहीच व्हायचं नाही. निदान काहीतरी हलतंय, असं ते म्हणाले. बायको शाळेत पी.टी. शिकवायची. ती दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

एवढ्यावर भागलं असतं, पण त्याच आठवड्यात लेकीने जाहीर केलं की तिच्या मित्राचे आईवडील रविवारी जेवायला येताहेत. मुलगा सगळ्यांना पसंत होता. त्याची आई तर लेकीशी रोज फोनवर बोलायची. घोडं अडलं होतं ते त्याच्या वडिलांपाशी. ते ड्रायव्हिंग लायसन्सचे परीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षांत त्यांनी सख्ख्या मेहुण्याला चारदा आणि पोटच्या पोराला दोनदा नापास केलं होतं. ते हो म्हणाले तरच पुढची बोलणी, असं त्या घरात ठरलेलं होतं.

"बाबा, ते म्हणतात, माणूस गाडी कशी चालवतो त्यावरून त्याचं घर कळतं," लेक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही फक्त नीट चालवा. बाकी काही करू नका."

साहेबांना गलबलून आलं. एकुलती एक लेक, आणि मागून मागितलं काय, तर बापाने गाडी नीट चालवावी. त्यांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. शनिवारी ते गॅरेजच्या कोपऱ्यापर्यंत गेलेसुद्धा. पण आपली कारागिरी बघून गॅरेजवाला काय म्हणेल, या विचाराने ते तिथूनच परत फिरले.

घर सापडायला अवघड होतं. त्यामुळे पाहुण्यांना शहराबाहेरच्या पेट्रोल पंपावर गाठायचं आणि आपली गाडी पुढे ठेवून घरी आणायचं, असं ठरलं होतं. लेक आणि मुलगा घरी स्वयंपाकाला लागले. साहेब आणि बायको पंपावर पोहोचले, तेव्हा परीक्षक वीस मिनिटं आधीच येऊन थांबले होते. उंच, सडपातळ माणूस, खिशाला दोन पेनं. त्यांनी साहेबांशी हात मिळवला आणि मग न सांगता साहेबांच्या गाडीभोवती एक फेरी मारली. टायर बघितले, आरसे बघितले, नंबरप्लेटवरची धूळ बोटाने पुसली.

आता इंडिकेटरचं सांगणं भाग होतं. साहेबांनी ते फार शिताफीने सांगितलं, म्हणजे आज सकाळीच अचानक बंद पडला असं सांगितलं. मग घाईघाईने तोडगाही जोडला. उजवीकडे वळायचं असेल तर ते स्वतः हात दाखवतील, डावीकडे वळायचं असेल तर शेजारी बसलेली बायको दाखवेल.

"तुम्ही फक्त आमच्या हातांकडे लक्ष ठेवा," ते म्हणाले.

"ठेवतो," परीक्षक म्हणाले. "हाताच्या खुणा हल्ली कोणी वापरत नाही. मी सगळ्या पाळतो." मग त्यांनी स्वतःचा आणि पत्नीचा असे दोन्ही फोन बंद केले आणि डिकीत ठेवले. गाडी चालू असताना फोन हाताशी नको, हा त्यांचा नियम होता.

पहिला किलोमीटर दृष्ट लागण्यासारखा गेला. मग बायको बोलायला लागली. सकाळीच अचानक, हे कशाला सांगितलंत, असं तिने विचारलं. साहेब म्हणाले, चार महिने झाले असं सांगायला हवं होतं का. ती म्हणाली, खरं सांगायला काय हरकत होती. साहेबांचा आवाज चढला. ज्या बाईने वीस वर्षं मैदानावर चारशे पोरांना शिट्टीशिवाय उभं केलं, ती हात न हलवता बोलू शकत नाही, हे साहेबांना ठाऊक होतं. उकाड्यामुळे काच खाली होती आणि तिचा डावा हात खिडकीबाहेर होता, याकडे मात्र त्यांचं लक्ष नव्हतं.

"आवाज खाली," ती म्हणाली आणि बाहेरच्या हाताचा तळवा रस्त्याकडे करून दोनतीनदा खालीवर केला.

मागे परीक्षकांनी वेग कमी केला. तळवा खालीवर म्हणजे वेग कमी. बायकोने आणखी दोनदा सांगितलं, त्यांनी आणखी दोनदा कमी केला. शेवटी परीक्षकांची गाडी चालत्या माणसाच्या चालीने येऊ लागली आणि तिच्यामागे हॉर्नचा गजर सुरू झाला. साहेब आरशात बघून म्हणाले, इतकं सावकाश चालवतात आणि लोकांना नापास करतात. पाहुणे मागे पडू नयेत म्हणून तेही रेंगाळत चालवू लागले.

यावर बायको वैतागली. तुमच्यापुढे बोलून काय उपयोग, करा काय करायचं ते, असं म्हणून तिने बाहेरचा हात मागून पुढे जोरात भिरकावला. पुढे जा, अशी खूण परीक्षकांना मिळाली. त्यांनी आरसा बघितला, इंडिकेटर दिला, शास्त्रशुद्ध ओव्हरटेक केलं आणि ज्या शहरात ते आयुष्यात पहिल्यांदा आले होते त्या शहरात पुढे निघून गेले.

साहेबांनी ॲक्सिलरेटर दाबला, रस्त्याच्या मधली अखंड पांढरी रेघ ओलांडली आणि पाहुण्यांना मागे टाकलं. ना हात दाखवला, ना हॉर्न दिला. घाईत डाव्या इंडिकेटरचा दांडा तेवढा ढकलला गेला आणि कडक उन्हात वायपर नाचू लागला.

"हेच," बायको म्हणाली. "पाच मिनिटांचं काम होतं. इथे यायचं होतं, इथे." आणि तिने डावा हात खांद्यातून सरळ, ताठ, बोटांच्या टोकापर्यंत बाहेर काढून गॅरेज दाखवलं.

अशी स्वच्छ खूण परीक्षकांनी पस्तीस वर्षांत बघितली नसेल. ते डावीकडे वळले.

साहेबांना ते दोन चौक पुढे गेल्यावर कळलं. फोन लागेना. मग त्यांनी गाडी वळवली आणि परत येताना प्रत्येक गल्लीत डोकावलं. गॅरेज दिसलं तेव्हा त्यांच्या मनात पहिली प्रार्थना आली, की पाहुणे दुसरीकडे कुठेही असोत, खड्ड्यात असोत, पण इथे नसोत. परीक्षक गॅरेजच्या अंगणात खुर्चीवर बसले होते. त्यांच्या पत्नीच्या हातात चहाचा कप होता आणि गॅरेजवाला मोठ्या उत्साहाने हकिकत सांगत होता.

"चार महिने झाले, मी सांगतोय," गॅरेजवाला म्हणत होता. "पण साहेबांनी घरीच उघडलं ना, बाईच सांगत होत्या. आलेच बघा."

त्याने काम पाच मिनिटांत केलं. खरं तर चारच.

जेवण होईपर्यंत परीक्षक खाली मान घालून जेवत राहिले. लेक ताटातला भात नुसता चिवडत होती. साहेबांना तिच्याकडे बघवेना. आपल्या हाताने आपण पोरीचं वाटोळं केलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. शेवटी परीक्षकांनी हात पुसले.

"बाईंच्या मनात काय आहे, ते मला मागच्या गाडीतून कळत होतं," ते म्हणाले. "हळू म्हणाल्या, जा म्हणाल्या, वळ म्हणाल्या. गॅरेजची गरज होती, तर गॅरेजमध्ये नेलं. तुमच्या मनात काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही. मुलगी मला आवडली. मला एकच विचारायचंय. ती आईवर गेलीये की तुमच्यावर?"

साहेब गेली सव्वीस वर्षं कचेरीत, शेजारीपाजारी आणि खुद्द बायकोच्या माहेरी एकच गोष्ट सांगत आले होते. पोरीचं अक्षर माझं, हुशारी माझी, नाकसुद्धा माझं. त्यावरून बायकोशी अबोलेही झाले होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्यांचंच नाक लाल झालं होतं.

"आईवर," ते म्हणाले. "अगदी आईवर. माझं तिच्यात काहीएक नाही."

परीक्षक प्रथमच हसले. त्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि साहेबांकडे वळून म्हणाले, "सकाळपासून तुम्ही दिलेला हा पहिला स्पष्ट सिग्नल."