हिराकाकांची पहिली पेटी

हिराकाकांना नुसतं "मी बरा आहे" सांगून भागत नाही. लगेच विचारतात, "पुरावा हाय का?" भाजीवाल्याने मेथी ताजी म्हटली, की "सबूत दिखाव." एकदा मी दिवसभर ऑफिसात होतो असं खोटं सांगून त्यांना टाळलं. काकांनी दारातल्या माझ्या बुटांकडे बोट दाखवलं. बाहेर धो धो पाऊस आणि बूट कोरडे. त्याची लाज मला अजून वाटते.

काका मूळचे समुद्रकाठच्या चौक गावचे, जन्म मासेमारीत गेलेला. आता भाईंदर पूर्वेला आमचे शेजारी. त्यांच्या नावावर चक्क पेटंट आहे: बोंबील सुकवायची पेटी, चहूबाजूंनी जाळी आणि मांजराला न उघडणारं झाकण. पेटंट मिळालं आणि एका कंपनीने ते रद्द करायची मागणी केली. म्हणे ही पेटी आम्ही आधीपासून बनवतो, हा घ्या फोटो.

फोटो पाहून काका म्हणाले, "ही तर माझीच पयली पेटी. यांचा मानूस बगून देतो म्हनून घेऊन गेला, तो आलाच न्हाय."

"काका, सोडून द्या," मी म्हणालो. भित्र्याचा सल्ला होता.

"तुजं काय गेलं सोडायला?"

मग मी निमूटपणे त्यांच्यासोबत वकीलबाईंकडे गेलो. काकांना कंपनीचं सगळंच हवं होतं: कागद, कारखान्याच्या चाव्या, मॅनेजरचा मोबाइल.

बाई म्हणाल्या, "समोरच्याकडून जादा पुरावा मागता येतो, पण मिळेल ते मिळेल म्हणून जाळं टाकायचं नाही. एकच मासा मागा, आणि तो तिथे आहे हे आधी पटवा."

"जन्मभर जाली टाकली, आन् ही बाय मला गल टाकायला शिकवते," काका जिन्यात पुटपुटले. पण अर्जात मागणी एकच गेली: फोटोतली पेटी हजर करा.

पेटंट ऑफिसातल्या सुनावणीत कंपनीचा वकील हसला. "जुनी पेटी बघून काय मिळणार?"

अधिकाऱ्यांनी तेच काकांना विचारलं.

"साहेब, आतल्या जालीच्या गाठी बगा. माझी बायको डावखुरी. तिची गाठ उलटी पडते." काकांनी पिशवीतून काकूंनी विणलेलं जुनं जाळं काढून टेबलावर पसरलं. वासाने वकील मागे सरकला. अर्ज मंजूर झाला.

पुढच्या सुनावणीला पेटी आली. अधिकाऱ्यांनी एकेक गाठ जाळ्याशी ताडून पाहिली. सगळ्या उलट्या. आता वकील हसत नव्हता. पेटंट कायम राहिलं. बिल्डिंगमध्ये पेढे वाटले आणि मी, सोडून द्या म्हणणारा, सगळ्यांत मोठ्याने ओरडत होतो.

काकांनी मात्र पेढा तसाच ठेवून परत मिळालेली पेटी घरी नेली. मी मागोमाग गेलो. काकूंच्या रिकाम्या खाटेवर पेटी ठेवून ते फाटलेली जाळी सांधत होते, डाव्या हाताने. गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. काकू जाऊन बरेच महिने झाले. ही जाळी त्यांनी आजारपणात विणलेली, त्यांच्या हातची शेवटची.

"उजव्या हाताने करा की, काका."

"उजव्यान केली तर तिला समजल."

मी पुरावा मागितला नाही. जाळीचं दुसरं टोक ताणून धरलं.