उजवी बाही

जगाची काळजी कशी करावी हे कुणीही माझ्याकडून शिकावं! कुठे दोन देश भांडले की माझं जेवणावरचं लक्ष उडतं. कुठे बर्फ वितळला की मला इथे घाम फुटतो. कुठल्याशा समुद्रातले मासे कमी झाल्याचं ऐकून मी एक अख्खा रविवार पडून काढला होता. मासे मी खात नाही, तरी!

त्या संध्याकाळीही मी बातम्या बघत हळहळत होतो. बायको नर्स आहे. ती रुग्णालयातून आली, पर्स टेबलावर टाकली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

"अगं, बघ ना, केवढा पूर आलाय! माणसं छपरांवर बसलीयत."

"वाईटच आहे. आणि खालचे पोस्टमनकाका आज जेवले का?"

"मला काय ठाऊक?"

"तेच म्हणतेय मी! काकू गेल्यापासून माणूस अर्धा झालाय. छपरावरच्यांना काही तुम्ही इथून उतरवणार नाही. निदान आपला जिना तरी उतरा!"

मला हे एकदम पटलं. आणि एकदा पटलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तिथल्या तिथे टीव्ही बंद केला आणि जाहीर केलं, "आजपासून जगाचं जग बघून घेईल. मी ही इमारत सांभाळणार!"

दुसऱ्याच दिवशी वरच्या शिक्षिकाबाई जिन्याच्या पायथ्याशी दोन जड पिशव्या घेऊन धापा टाकताना दिसल्या. मी पिशव्या हिसकावल्या आणि धावत वर नेऊन त्यांच्या दारात ठेवल्या. बाई खालून ओरडत होत्या. मला वाटलं, आभार मानतायत.

"अहो, रद्दी आहे ती! आत्ता कुठे खाली आणली होती मी!"

असू दे. सुरुवातीला होतं असं. माझं खरं लक्ष होतं ते पोस्टमनकाकांवर. काका निवृत्त, शिडशिडीत, बोलायला कमी. काकू घरीच शिवणकाम करायच्या. दिवसभर त्यांच्या मशीनची घरघर आमच्या फरशीतून ऐकू यायची आणि मी वैतागायचो. मग एका दुपारी ती मध्येच थांबली. काकूंना काम करता करताच झटका आला होता. तेव्हापासून खाली अशी शांतता होती की आम्हीच घरात हळू चालायला लागलो होतो.

त्या आठवड्यात काका स्वतःच किल्ली घेऊन वर आले.

"बहिणीकडे जाऊन येतो. झाडांना पाणी घालाल का? बाकी कशाला हात लावू नका."

आता भिडस्त माणूस दुसरं काय म्हणणार? 'हात लावू नका' म्हणजे 'तुम्हाला कशाला त्रास', असा सरळ अर्थ मी काढला. ते कोपऱ्यावर दिसेनासे होताच मी आत शिरलो. झाडांना इतकं पाणी घातलं की ते तळमजल्यावरच्या माणसाच्या वर्तमानपत्रावर पडलं. मग मी घरात काय काय अडलंय ते बघायला लागलो.

मशीनवर एक शर्ट होता. निळा, बारीक रेघांचा. डावी बाही लागलेली, उजवी अर्धी लागून लोंबकळत होती आणि सुई कापडात तशीच रुतलेली. सगळ्यावर धुळीचा थर. मला भरून आलं हो! बिचाऱ्याला एक बाही लावून द्यायला घरात माणूस उरलं नाही! मी चाक फिरवलं, शर्ट ओढला, दोरा टचकन तुटला. शेजारची उरलेल्या कापडाची गुंडाळीही उचलली आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलो.

शिंप्यानं शर्ट चिमटीत धरून उलटासुलटा केला.

"कुणी कापलाय हा? उजवी बाही बोटभर आखूड आहे!"

"वय झालं होतं हो त्यांचं. चुकलं असेल."

"ही काढून नवीन लावतो. आणि टीप जुन्या पद्धतीची आहे. सगळं उसवून नव्यानं मारू?"

"मारा! काही कसर ठेवू नका!"

त्यानं ठेवली नाही. दुसऱ्या संध्याकाळी कडक इस्त्रीचा शर्ट हँगरवर घेऊन मी घरी आलो.

"ओळख, कुणाचा?"

बायकोनं रेघा बघितल्या आणि ती खुर्चीत बसली.

"मशीनवरचा?"

"हो! अर्धवट पडला होता, मी पुरा करून..."

"अहो, काकू तो शिवतानाच गेल्या. मीच आधी धावले होते खाली. त्यांची सुई होती तशीच ठेवलीय काकांनी. रोज समोर बसतात ते त्याच्या." तिनं डोळ्यांवर हात ठेवला. रोज वॉर्डात माणसं जाताना बघणारी बाई ती! "काय करून बसलात तुम्ही!"

हँगर हातात तसाच धरून मी शिंप्याकडे धावलो.

"उसवलेले दोरे कुठेत?"

"झाडून टाकले. दोरे कुणी ठेवतं का?"

"आणि ती आखूड बाही?"

"चिंध्या मी या गादीत भरतो," असं म्हणत त्यानं बुडाखालची गादी थोपटली.

मी गादी ओढली. त्यानं ती दाबून धरली.

"माझी गादी सोडा!"

"माझी बाही द्या!"

दोघांच्या ओढाताणीत गादी फाटली आणि रस्ताभर चिंध्या! मी गुडघ्यांवर बसून निळा रंग शोधतोय, शिंपी माझी कॉलर धरून उभा, येणारेजाणारे थांबून हसतायत. तुम्हीही हसा. मला मात्र तेव्हा हमसून रडू येत होतं. शेवटी लाल फुलांच्या एका तुकड्याखाली बाही सापडली. तिची मनगटाची पट्टी शिंप्यानं उसवली नव्हती. तेवढी टीप काकूंची होती.

परत आलो तर काकांचं दार उघडं. काका ठरल्यापेक्षा आधीच आले होते. खांद्यावरची पिशवीही न उतरवता रिकाम्या मशीनसमोर उभे होते. माझ्या एका हातात नवा शर्ट, दुसऱ्यात जुनी बाही.

काकांनी शर्टाकडे बघितलंच नाही. बाही घेतली आणि काकूंच्या स्टुलावर बसले.

"शिंपी म्हणाला, आखूड आहे," मी पुटपुटलो.

"आखूडच आहे." त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. उजवा बोटभर कमी होता. "तरुणपणी टपाल वाटताना सायकलवरून पडलो. हाड नीट जुळलं नाही. ऑफिसात फार चिडवायचे. लग्नानंतर बंद झालं. मला वाटलं, लोक सुधारले! किती वर्षांनी लक्षात आलं की ही माझी प्रत्येक उजवी बाही आखूड कापते. मला एका शब्दानं बोलली नव्हती."

मी इतकी वर्षं या माणसाच्या डोक्यावर राहतोय आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. लाज वाटली.

"काका, माझं चुकलं. फार चुकलं."

"तो शर्ट पुरा करायचाच नव्हता हो," काका म्हणाले. "पुरा झाला की तिचं काम संपलं."

आणि ते रडायला लागले. काकू गेल्या त्या दिवशीही न रडलेला माणूस! मग मीही असा गळा काढला की बायको धावत खाली आली. तिनं आम्हा दोघांना गप्प केलं, बाही झटकून मशीनच्या सुईखाली ठेवली आणि चहा टाकला.

त्यानंतर काका बरेच दिवस दिसले नाहीत. मला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. मग एका सकाळी बेल वाजली. दारात काका, अंगात तो निळा शर्ट. उजवी बाही थेट बोटांवर आलेली.

"डाव्या हातानं दुमडता येत नाही," ते खाली बघत म्हणाले. "जरा मदत कराल?"

मी दुमडून दिली. बायकोनं चहा दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. शर्ट वाळत असेल त्या दिवशी येत नाहीत, एवढंच. बातम्या लागल्या की आता आम्ही दोघं मिळून हळहळतो.

काल शर्ट वाळत होता, तरी काका आले. अंगात जुना तपकिरी शर्ट, काकूंच्या हातचा. उजवी बाही अगदी मनगटावर. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी हात पुढे केला. मी बाहीकडे बघितलं. काका खिडकीबाहेर बघत होते.

मी दुमडली.

काका खाली उतरले तशी बायको म्हणाली, "वाकडी दुमडलीत!"

उद्या नीट दुमडतो म्हटलं.