वाफबाईंच्या लेकीचा रिटेनर

लेकीचा फोन आला तेव्हा बाई एकटीपुरतं किती शिजवायचं याचा अंदाज पुन्हा एकदा चुकवून बसल्या होत्या. लेक घाईत होती. ती नेहमी घाईतच असे. मागच्या खेपेला आली तेव्हा तिचा रिटेनर घरीच राहिला होता. दातांच्या तारा निघाल्यावर सरळ झालेले दात परत वाकडे होऊ नयेत म्हणून झोपताना घालायचं ते पारदर्शक प्लास्टिकचं कवच. इतके दिवस तो न घातल्यामुळे पुढचे दोन दात आता एकमेकांवर रेलायला लागले होते.

"बेसिनच्या वरच्या फळीवर निळी डबी असेल बघ. कुरियर कर."

"येऊन का नाही नेत?"

"आई, रजा कुठंय? वर्षअखेरीशिवाय जमायचं नाही. तू नुसता धू आणि पाठव."

वर्षअखेर हा शब्द बाईंनी मुकाट्याने गिळला. "नुसता धू" मात्र घशात अडकला. एका मोठ्या इस्पितळाच्या निर्जंतुकीकरण विभागाच्या त्या प्रमुख होत्या. शस्त्रक्रियेच्या कात्र्या, चिमटे, कापडं, सगळं त्यांच्या हाताखालून वाफेच्या यंत्रात जाई आणि शुद्ध होऊन बाहेर येई. पूर्वी लोक त्यांना पाठीमागे वाफबाई म्हणत, हल्ली तोंडावर म्हणत. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, वाफेतून गेलेल्या आणि न गेलेल्या.

डबी फळीवरच होती. आत थोडं पाणी राहून गेलं होतं आणि रिटेनरवर पिवळट, बुळबुळीत थर धरला होता. त्या थराला शास्त्रात काय म्हणतात हे बाईंना ठाऊक होतं, त्यात कोण कोण राहतं हेही ठाऊक होतं. फक्त आपण एकट्या राहतो असं समजत असताना घरात एवढी वस्ती आहे, हे ठाऊक नव्हतं.

त्यांनी मऊ ब्रशने तो घासला, निथळायला टेबलावर ठेवला आणि जेवायला बसल्या. नेमका तो समोरच्या खुर्चीपुढे आला. लेकीचे दात, लेकीचं हसू, फक्त मागे लेक नाही. "जेवलीस का?" त्या बोलून गेल्या आणि मग आपणच ओशाळून पाण्याचा पेला उचलला.

दुसऱ्या दिवशी डबी त्यांच्याबरोबर कामावर गेली. वाफेच्या यंत्राशेजारी भिंतीवर ठसठशीत अक्षरांत पाटी होती : प्लास्टिकच्या वस्तू यंत्रात घालू नयेत. ती बाईंनीच लिहिली होती. पण नियम ज्याने लिहिला त्याला अपवादही माहीत असतात. काही कडक, पारदर्शक प्लास्टिकं वाफेला मुळीच दाद देत नाहीत, आणि रिटेनर दिसायला त्याच घराण्यातला होता. कुणाला विचारावं म्हटलं, तर सगळे बाईंनाच विचारत. त्यांनी रिटेनर पुडीत घातला, पुडीला वाफ लागली की काळ्या रेघा उमटणारी पट्टी चिकटवली आणि विभागाचं नाव लिहायच्या जागी "लेक" असं लिहिलं.

यंत्राने काम संपल्याची शिट्टी दिली. पट्टीवर काळ्या रेघा अगदी सुरेख उमटल्या होत्या. पुडी मात्र हाताला चपटी लागली. फोडली तर आत वाळक्या सालीसारखं गुंडाळलेलं काहीतरी होतं. एकही जंतू उरला नव्हता आणि एकही दात.

विभागात साफसफाईला असलेल्या मावशी मागून डोकावल्या. "हे कुणाचं हो, बाई?"

"माझ्या लेकीचं."

मावशींनी ते चिमटीत धरून उजेडात पाहिलं. "एवढीशीच आहे होय लेक? मला वाटलं, नोकरीला लागली."

घरी येऊन बाईंनी दुरुस्ती आरंभली. उष्णतेने जे वळलं ते उष्णतेनेच उलगडेल, असा त्यांचा तर्क. तर्कात खोट नव्हती. कढत पाण्यात साल मऊ झाली. तिला आकार द्यायला घरात लेकीचा जबडा नव्हता म्हणून त्यांनी ती मोठ्या चमच्यावर दाबली. थंड झाल्यावर चमच्याला अगदी चपखल बसेल असा रिटेनर तयार झाला. आता चमचा कधीच वाकडा होणार नव्हता.

त्याच वेळी लेकीचा फोन आला. पाठवलास का म्हणून तिने विचारलं आणि आयुष्यात कुठल्याही नोंदीत खाडाखोड न केलेल्या बाई म्हणाल्या, "निघालाय."

निघालेली वस्तू कधीतरी पोचावी लागते, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. चार दिवसांनी लेकीने पावतीचा नंबर मागितला. बाईंनी पावती भिजली म्हणून सांगितलं. मग लेकीने थेट कुरियरच्या कचेरीत फोन लावला आणि तिथल्या माणसाला फैलावर घेतलं. तो बिचारा सवयीने आधी माफी मागून मोकळा झाला आणि सवयीनेच म्हणाला की पार्सल वाटेत आहे, उद्या-परवा मिळेल. लेकीने खुशीत हे आईला कळवलं. जे पार्सल दिलंच नव्हतं ते वाटेत होतं. क्षणभर बाईंनाही वाटलं, असेलही.

शेवटी त्या चमचा घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. लेकीच्या दातांचा जुना साचा त्याच्याकडे असेल, त्यावरून गुपचूप दुसरा करून पाठवावा असा बेत होता. डॉक्टरने आधी चमच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. हा रिटेनर गरम पाण्यालासुद्धा दाखवायचा नसतो, तो म्हणाला. गार पाणी, मऊ ब्रश, फार तर त्यासाठी मिळणारी गोळी पाण्यात टाकायची. हे सगळं बाईंनी मान खाली घालून ऐकलं. आणि जुना साचा आता चालणार नव्हता, कारण मधल्या काळात दात सरकले होते.

"त्यांना स्वतःला यावं लागेल," डॉक्टर जपून म्हणाला. पेशंटचे नातेवाईक इथेच चिडतात, असा त्याचा अनुभव असावा. "एकदा माप द्यायला, एकदा बसवून घ्यायला."

"दोनदाच?" बाईंनी विचारलं. "नंतर तपासायला नको?"

डॉक्टरने वही बंद केली. "तपासलेलं केव्हाही चांगलंच."

आता खरं सांगणं भाग होतं. बाईंनी फोन लावला आणि पुडीपासून चमच्यापर्यंत सगळं क्रमाने, काहीही न गाळता सांगितलं. लेक रागावली तर वर्षअखेरसुद्धा जाईल, एवढंच बाईंच्या मनात होतं.

"आई, तुझ्या त्या यंत्राजवळ एक पाटी आहे ना?"

"आहे."

"काय लिहिलंय तिच्यावर?"

बाईंनी सांगितलं.

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"आणि त्या कुरियरवाल्याला मी काय काय बोलले, माहितीय तुला?"

"मी जाऊन त्याची माफी मागून आले."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, काळजी करू नका, पार्सल वाटेत आहे."

पलीकडून आलेला आवाज रडण्याचा की हसण्याचा, ते बाईंना आधी ठरवता येईना. मग तो इतका वाढला की ठरवायची गरज उरली नाही.

नसलेली रजा निघाली. लेक माप द्यायला आली, रिटेनर बसवायला आली आणि डॉक्टर आग्रहाने म्हणाला म्हणून तपासायलाही आली. दर खेपेला बेसिनपाशी दोन ब्रश दिसत आणि बाईंचा स्वयंपाकाचा अंदाज बरोबर येई. तपासणीत डॉक्टरला काहीच खोट सापडली नाही. आता यायचं कारण नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं, आणि गाडीकडे जाताना दोघीही हवेबद्दल बोलल्या.

लेकीला सोडून बाई घरी आल्या. दिवा लावला. टेबलावर, समोरच्या खुर्चीपुढे, अगदी मधोमध निळी डबी होती, आत नवा रिटेनर. खाली घडी घातलेला स्वच्छ रुमाल अंथरलेला. अशी जागा बघून कुणी काही विसरत नाही.

फोन वाजला. लेक गाडीतून बोलत होती. "आई, डबी राहिली वाटतं गं."

"दिसतेय. कुरियर करू?"

"नको, त्यांच्याकडे पार्सलं वाटेतच असतात. तू आधी नीट निर्जंतुक करून ठेव."

"डॉक्टर म्हणाले, गार पाण्याने."

"डॉक्टरांना काय कळतंय त्यातलं," लेक म्हणाली. "तू तुझ्या पद्धतीने कर."

बाईंनी पातेल्यात पाणी घेतलं आणि गॅस पेटवला. चहा तर करायचाच होता.