नाववाले महाराज अटकेत

दिवाळीआधी देव घासायचे म्हणजे जयाला चिंच, रांगोळी आणि नवऱ्याचा, धनंजयचा, जुना टूथब्रश लागतो. यंदा तिनं देव्हाऱ्यातल्या पाटावरचे नाववाले महाराजही सोडले नाहीत. वर्षानुवर्षांच्या कुंकवाखालून सोन्याचं नाणं निघालं. पापडासारखं पातळ, कडेनं वेडंवाकडं. त्यावर नावेत उभा मुकुटवाला, हातात तलवार आणि भोवती कसलीशी अक्षरं.

"हे अक्षर आपले नाई वाटत," म्हणत धनंजयनं मोबाईलवर फोटो काढून शोधलं, आणि सेलूतल्या त्या घराची दिवाळी तिथंच बिघडली.

"आई, हा देव नाई. राजा आहे. सहाशे वर्सं जुना. तवा मशीन कुठची, हातोड्यानं ठोकत, म्हणून असा वाकडा."

चकल्या पाडणाऱ्या लीलाबाईंचा हात थांबला. "कोनाचा राजा?"

"इंग्रजाचा."

"माहा सासरा इंग्रजाच्या जेलात चक्की पिसून आला, अन् त्याच्याच घरात मी इंग्रजाच्या राजाले शिरा चारून राह्यली?"

"कुंकवात दिसला कुठं जी तो," जया म्हणाली.

"त्याले तर दिसत होतं ना. पाटावर बसून शिरा हाणला, एक डाव तरी म्हनला का, बाई, मी त्याइच्यातला आहे?"

"इकून टाकू मंग," धनंजय म्हणाला.

"सजा भोगल्याबिगर कसा जाईन?"

लीलाबाईंना खरी आग दुसऱ्याच गोष्टीची होती. हे महाराज बोर नदीच्या पुरात नाव वल्हवत आले आणि घाटावर थांबून आपल्या सासूबाईंचं घर विचारलं, हे साऱ्या गल्लीला त्यांनीच सांगितलं होतं. त्या भरवशावर शेजारच्या शोभाबाईंनी मुलाच्या, आदेशच्या, लंडनच्या व्हिसासाठी महाराजांना नवस बोलला होता.

लीलाबाईंनी नाणं पाटावरून उचलून जमिनीवर टाकलं, वर पितळी वाटी पालथी घातली आणि वाटीवर खलबत्त्यातला बत्ता ठेवला. "सासऱ्यानं भोगलं तेवढं हाही भोगन."

"अन् शोभाबाईले काय सांगता?" जयानं विचारलं.

तेवढ्यात दारात शोभाबाई उभ्या, हातात पेढ्यांचा डबा.

"लीलाबाई, आदेशचा व्हिसा आला व. महाराज कुठं गेले?"

जयानं वाटीकडं पाहिलं. धनंजयनं पंख्याकडं पाहिलं. लीलाबाईंनी शांतपणे पदराला हात पुसले.

"समाधीत बसले. लय धावपळ झाली त्याइची. काल सपनात आलते, म्हणे लीला, तू फिकर नको करू, तिकडं आपली ओळख आहे."

शोभाबाई वाटीला भक्तिभावानं हात जोडून, डबा ठेवून गेल्या. लीलाबाईंनी बत्ता काढला, वाटी जराशी उचलली, अर्धा पेढा आत सरकवला आणि वाटी, बत्ता पुन्हा जागच्या जागी ठेवले.

"आता हे काऊन?" धनंजयनं विचारलं.

"सासऱ्याले जेलात भाकर देत होते," त्या म्हणाल्या आणि चकल्यांकडं वळल्या.